वाटपाच्या वह्या आणि वर्गाची पेटी

जून उजाडला की कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत वह्यांचे गठ्ठे येऊ लागतात. मुंबईतलं गावाचं मंडळ, नोकरीतून निवृत्त झालेला एखादा माजी विद्यार्थी, कुणाच्या तरी ओळखीतली कंपनी. कुणी स्वतः टेम्पोतून आणतं, कुणी एसटीच्या पार्सलने पाठवतं. गावातल्या शाळेवरचा हा जीव खरा आहे, आणि रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कित्येक शाळांना त्याने हात दिला आहे.

तेच साहित्य, तेवढ्याच पैशांत, शाळेत अशा रीतीने आणता येतं की मुलं एकमेकांना धरून राहायला शिकतात. वस्तू मुलाच्या हातात पडली की त्याची गरज भागते. तीच वस्तू मुलांच्या स्वाधीन केली, त्यांनी ती मोजली, जपली, आपसांत वापरली, की त्यातून वर्ग उभा राहतो. हे कसं करायचं ते शिक्षकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आणि देणाऱ्या मंडळांसाठी पायरीपायरीने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक शाळा लहान आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेला 60 मुलांच्या पटापर्यंत दोन शिक्षक. कित्येक ठिकाणी पट विसाच्याही आत असतो आणि सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसतात. शिवाय गाव म्हणजे वाड्या. बऱ्याच गावांत वाडी जातीप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे वेगळी असते, एकीतून दुसरीत जायला मध्ये घाटी किंवा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) असतो. शाळा सुटली की मुलं आपापल्या वाडीत जातात, ती दुसऱ्या दिवशी सकाळीच एकमेकांना भेटतात. वेगवेगळ्या वाड्यांतली मुलं रोज पाच-सहा तास एकत्र बसतात अशी गावातली जागा म्हणजे ही एक खोली. त्या खोलीत येणाऱ्या वस्तूंचा विचार म्हणूनच नीट करायला हवा.

यादी एप्रिलमध्येच करा

जूनमध्ये गठ्ठा दारात आला की काही बदलता येत नाही. चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, मंडळांच्या बैठका तेव्हाच होतात. म्हणून वार्षिक परीक्षा संपल्यावर, शाळेला सुट्टी लागण्याआधी यादी तयार असली पाहिजे.

ही यादी मुलांकडून करून घ्या. तिसरीच्या पुढच्या मुलांना गटांत बसवा आणि शाळेत काय आहे, काय संपलं, काय मोडलं, हे मोजायला सांगा. मुलांना हे जमतं, आणि गुरुजींना न दिसलेल्या गोष्टी त्यांना दिसतात. सहा कात्र्यांपैकी दोन कापतच नाहीत, रंगांच्या डब्यात निळा आणि हिरवा कधीच उरत नाही (समुद्र, आकाश आणि माड काढणाऱ्या मुलांत दुसरं काय होणार), कॅरमची सोंगटी एक कमी आहे. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश सरकारकडून मोफत मिळतात, पोषण आहार मिळतो. मग उरतं काय? वह्या, कंपासपेटी, रंग, कागद, गोष्टीची पुस्तकं, खेळ. दप्तरांच्या बाबतीत जरूर विचारा, कारण एकाच वर्षी दोन देणगीदार दप्तरंच देतात आणि गोष्टीचं पुस्तक कुणीच देत नाही.

मुलांची यादी समितीपुढे ठेवा. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. घरात कशाची ओढाताण होते ते आयांना नेमकं ठाऊक असतं, त्यामुळे त्या बोलतील अशी बैठक घ्या. मासळी उतरण्याच्या वेळेला बैठक ठेवली तर त्या येणार नाहीत.

मग मंडळाशी बोला. सरळ सांगा, "मुलांच्या नावाने वह्या द्या, पण निम्मं साहित्य वर्गाच्या नावाने द्या." समजा शाळेत 24 मुलं आहेत. वर्गाच्या पेटीसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या साहित्यासाठी, चार-चार मुलांचे सहा गट धरा. गोल टोकाच्या 6 कात्र्या, 30 सेंटिमीटरच्या 6 पट्ट्या, 24 रंगी तेलखडूंचे 6 डबे, खळीच्या 6 बाटल्या, हाताने फिरवायची 2 मोठी टोकयंत्रं, एक कापडी मोजपट्टी, 50 कार्डशीट, 2 कॅरम, 2 बुद्धिबळाचे पट आणि तीस-चाळीस गोष्टीची पुस्तकं. प्रत्येकाला एक कात्री देण्यापेक्षा चौघांत एक चांगली कात्री मला जास्त पटते. पैसे वाचतात हा एक भाग झाला. चौघांत एक कात्री असली की एक कापतो तेव्हा दुसरा कागद धरतो, तिसरी "थांब, आधी रेघ मार" म्हणते. बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

माझं काय, आपलं काय

साहित्य येण्याआधी ही विभागणी ठरवून टाका. ज्यावर मूल लिहितं आणि जे घरी नेतं ते त्याचं: वह्या, कंपासपेटी, दप्तर, छत्री, पाण्याची बाटली. बाकी सगळं वर्गाचं.

पहिली-दुसरीच्या पेन्सिली आणि खोडरबर मात्र वर्गाचेच ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. सहा वर्षांच्या मुलाला खोडरबर सांभाळता येत नाही. मग "बाई, ह्याने माझा खोडरबर घेतला" ही तक्रार दिवसभर चालते, आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यावरच संशय जातो. चौघांच्या मधोमध एक डबा, त्यात सहा टोक केलेल्या पेन्सिली आणि दोन खोडरबर. कुणाची पेन्सिल रंगीत, कुणाची साधी, हा भेदही मग राहत नाही. तिसरीपासून स्वतःची पेन्सिल द्या. तोवर सांभाळायची सवय लागलेली असते.

देणाऱ्यांना एक विनंती. 'गरीब व गरजू विद्यार्थ्यांना' असं म्हणून पाच-सहा मुलांची नावं मागू नका. लहान शाळेत ती नावं सगळ्यांना कळतात आणि वर्षभर चिकटून राहतात. द्यायचं तर सगळ्यांना सारखं द्या. एखाद्या मुलाला अधिक मदत लागणार असेल तर ती बाईंच्या हाती द्या, त्या ती कुणाला न कळता पोचवतात.

साहित्य येतं तो दिवस

नेहमीचा कार्यक्रम आपल्याला पाठ आहे. मुलं रांगेत, पाहुणे खुर्चीवर, नाव पुकारलं की मूल पुढे येतं, वही घेतं, फोटो निघतो. त्यात मुलाला करण्यासारखं काही नसतं. तेच दोन दिवसांत विभागून बघा.

आदल्या दिवशी गठ्ठे शाळेत आले की मोठ्या मुलांनी ते उघडायचे. एप्रिलची यादी समोर ठेवून एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने पुन्हा मोजून पाहायचं. दुरेघी वह्या वेगळ्या, चौकटीच्या वेगळ्या, दोनशे पानी वेगळ्या. गणिताचा तास त्या दिवशी वेगळा घ्यायची गरज नाही. मुख्याध्यापकांनी त्यांची नोंद शाळेच्या साठा नोंदवहीत करायची, ती चुकवू नका.

मग जोड्या लावा. चौथीचं एक मूल आणि पहिलीचं एक, शक्यतो वेगवेगळ्या वाड्यांतली. मोठ्याने लहानाच्या वह्यांना खाकी कागदाचं कव्हर घालायचं आणि नाव लिहून द्यायचं. नाव लिहिण्याआधी विचारावं लागतं: तुझं पूर्ण नाव काय, वडिलांचं काय, राहतोस कुठे? पहिलीतलं मूल ज्या दिवशी शाळेला बुजलेलं असतं, नेमकं त्याच दिवशी त्याला एक मोठा दादा किंवा ताई मिळते. पुढे पावसात साकव ओलांडताना, पोषण आहाराच्या रांगेत, दुपारी रडू आलं तर, ते मूल आधी त्या ताईकडे धावतं. ही जोडी वर्षभर तशीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना बोलवा, आणि त्यांना सतरंजीवर मुलांत बसवा. भाषणं दोनच. त्यानंतर नव्या तेलखडूंनी एक चित्र, नाहीतर कॅरमचा एक डाव, पाहुण्यांसकट. मंडळाचे काका स्वतः याच शाळेत शिकलेले असतील तर मुलं त्यांना विचारतीलच की तेव्हा फळा कुठे होता, शिक्षक कोण होते, पावसात कसे यायचात. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

फोटो काढायचा तर सगळ्या वर्गाचा, काम करतानाचा, आणि पालकांना विचारून. हात पुढे करून घेणाऱ्या मुलाचा फोटो काढू नका. देणाऱ्याचं नाव कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने सुंदर अक्षरात लिहा, मुलांनीच लिहू दे. प्रत्येक वहीवर आणि दप्तरावर ते छापण्याचा आग्रह मंडळांनी सोडावा. दप्तर मुलाचं आहे, त्यावर मुलाचंच नाव असावं.

पेटी कोण सांभाळणार

इथे खरं काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी इथेच गाडी अडते, कारण साहित्य खराब होईल या भीतीने ते कुलपात राहतं. तपासणीला दाखवायला नवंकोरं साहित्य असण्यापेक्षा वापरून झिजलेलं साहित्य असणं केव्हाही चांगलं.

दर पंधरा दिवसांनी दोन 'पेटीवाले' नेमा. एक मोठा, एक लहान. एक मुलगा, एक मुलगी. एक खालच्या वाडीतला, दुसरी वरच्या. किल्ली त्यांच्याकडे. सकाळी डबे मांडायचे, शाळा सुटताना मोजून परत ठेवायचे, आणि पेटीच्या वहीत दोन ओळी लिहायच्या: काय मोडलं, काय संपत आलं. आणखी दोघं पुस्तकं बघतील, दोघं पेन्सिलींना टोक करतील. वर्षभरात प्रत्येक मुलाची पाळी आली पाहिजे, अगदी जे मूल 'मस्ती करतं' म्हणून मागे ठेवलं जातं त्याचीसुद्धा. त्याची पाळी तर आधी लावा. ज्याच्या हाती आजवर कुणी किल्ली दिली नाही, त्याला ती मिळते तेव्हा त्याच्याकडे बघण्याची इतर मुलांची नजर बदलते.

नियम शनिवारच्या बालसभेत मुलांनी करायचे. ते फळ्यावर लिहा, मग कार्डशीटवर उतरवा. पाचपेक्षा जास्त नकोत. मुलांचे नियम आपल्यापेक्षा कडक असतात, तेवढे जरा सैल करायला सांगा.

वस्तू हरवली तर? झडती नाही, दंड नाही, 'कुणी घेतलं ते सांगा' नाही. पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून शोधायचं. मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर वहीत 'एक लाल खडू हरवला' असं लिहायचं आणि कामाला लागायचं. बऱ्याचदा दोन दिवसांनी तो खडू आपोआप डब्यात परत दिसतो, तेव्हाही काही विचारायचं नाही. घरी एकही रंग नसलेल्या मुलाला एक रात्र तो रंग जवळ हवासा वाटला, एवढंच ते असतं. यावरचा उपाय म्हणजे घरी न्यायची सोय. शुक्रवारी रंगांचा एक डबा आणि दोन कागद एका मुलाने घरी न्यायचे, सोमवारी चित्रासकट आणायचे. पाळी सगळ्यांची.

भांडणं होतील. "गुरुजी, माका निळो रंग होयो, हो देणा नाय!" असं कुणीतरी ओरडत येईल. लगेच निवाडा करू नका. "तुम्ही चौघं ठरवा, ठरलं की मला सांगा," म्हणा आणि थोडं लांब उभे राहा. पहिले काही आठवडे हे दमवणारं असतं, वेळही जातो. तो वेळ द्यावा.

एकत्र केल्याशिवाय होणारच नाही असं काम द्या

चार मुलांना एकत्र बसवून चौघांना वेगवेगळी चित्रं काढायला सांगितली तर ती शेजारी बसतात, एकत्र येत नाहीत. काम असं हवं की प्रत्येकाकडे त्यातला एक तुकडा असेल आणि दुसऱ्याशिवाय ते पुरं होणार नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 1971 मध्ये एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने हीच पद्धत वर्गात आणली. तिथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात येऊ लागली होती आणि वर्गात ताण होता. त्याने धड्याचे भाग केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच भाग दिला. पूर्ण धडा कळायचा तर एकमेकांचं ऐकणं भाग पडलं.

किनाऱ्यावरच्या शाळेत याला भरती-ओहोटीसारखा विषय नाही. चौघांत एकच कार्डशीट आणि रंगांचा एकच डबा. एक मूल कॅलेंडरवरून तिथी लिहून आणेल. दुसरं, ज्याच्या घरी होडी आहे, भरती किती वाजता लागली ते रोज घरच्यांना विचारून येईल. तिसरी त्या वेळांचा तक्ता आखेल, चौथा होड्या केव्हा गेल्या, केव्हा आल्या ते मांडेल. आठवडाभरात मुलांनाच दिसतं की भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि महिनाभर नोंद ठेवली तर अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं हेही. एरवी गणितात मागे असणारं मासेमाराचं मूल या तक्त्यात सगळ्यांच्या पुढे असतं, आणि ते सगळ्यांना दिसतं.

दान आलेल्या साहित्यात आपल्या परिसराची भर घाला. शिंपले, चिंचोके, सुपाऱ्या, करवंट्या, सुरंगीच्या बिया. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये उत्तर कोकणातल्या बोर्डीला जे बालशिक्षण सुरू केलं, त्यात गावात मिळणाऱ्या अशाच वस्तूंतून साधनं घडवली होती. विकत आणलेल्या डब्यात आपले शिंपले पडले की ती पेटी मुलांना आपली वाटते. शिंपले आणायला मात्र मुलांना एकट्याने किनाऱ्यावर पाठवू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

पाऊस

बुरशी, वाळवी, कसर आणि उंदीर. कपाट लोखंडी घ्या, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर ठेवा. कागद आणि पुस्तकं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, खडू पत्र्याच्या डब्यात. डांबर गोळ्या टाकू नका, लहान मूल त्या तोंडात घालू शकतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. उघाडीचा दिवस आला की पेटीवाल्यांनी सगळं बाहेर काढून वारं लागू द्यायचं. गणपतीनंतर ऑक्टोबरचं ऊन पडतं तेव्हा एक पूर्ण दिवस यासाठी ठेवा, पुस्तकं मात्र सावलीत वाळवा.

वादळाचंही मनात असू द्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, जुलै 2021 मध्ये चिपळूणला महापुराने वेढलं. अशा संकटानंतर मदत लोटते आणि सगळ्यांकडून त्याच वस्तू येतात. तेव्हा सगळं एकदम वाटून टाकू नका. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शाळांशी बोला, जास्तीचं तिकडे द्या, आणि ते द्यायला मुलांना घेऊन जा. गावात मराठी आणि उर्दू अशा दोन शाळा असतील, किनाऱ्यावर त्या पुष्कळ ठिकाणी शेजारी-शेजारी असतात, तर खेळांची पेटी महिन्यातून एका शनिवारी दोघांची मिळून उघडा. कॅरम खेळायला भाषा आड येत नाही.

मध्येच येणारं मूल, मध्येच जाणारं मूल

दिवाळीनंतर आंबा-बागांच्या राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, बांधकामांवर कर्नाटकातून. त्यांची मुलं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शाळेच्या दारात उभी राहतात, तेव्हा जूनचं वाटप होऊन गेलेलं असतं. मराठी येत नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि हातात काहीच नाही. म्हणून जूनमध्येच तीन-चार संच बाजूला काढून ठेवा: वह्या, कंपासपेटी, दप्तर, आणि इतरांना मिळालं तेच, त्याच दर्जाचं. नवीन मूल आलं की तो संच बाईंनी न देता पेटीवाल्यांनी द्यायचा, कव्हर घालून, नाव विचारून. नाव नीट उच्चारायला शिकायचं. पहिल्याच आठवड्यात त्यालाही पेटीवाला करा. डबे मोजायला भाषा फारशी लागत नाही, आणि 'कात्री', 'रंग', 'खळ' हे शब्द तो तिथेच शिकतो. रायगडात याच सुमारास उलटं घडतं. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि मुलं त्यांच्याबरोबर. त्यांच्यासोबत वह्या, पेन्सिली, दोन गोष्टीची पुस्तकं आणि शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवून शिक्षण पुढे चालू ठेवण्यासाठीचं कार्ड) द्या. त्यांचं नाव पेटीच्या पाळीतून काढू नका. परत आल्यावर त्यांची पाळी असते हे त्यांना सांगा.

हिशोब आणि पत्र

देणाऱ्यांना छापील आभारपत्र पाठवू नका. पेटीच्या वहीतून मुलांनी लिहावं: कार्डशीट किती वापरले, कशाला, काय अजून पडून आहे. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा शाळांना सुट्टी लागते, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी आलेल्यांना तासभर वर्गात बोलवा आणि पेटी मुलांनीच दाखवू दे. पुढल्या वर्षी देणाराच विचारतो, "या वेळी काय हवंय तुम्हाला?"

एप्रिलमध्ये पुन्हा मोजदाद. अर्धवट वापरलेल्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून कच्च्या वह्या बनवा. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांनी आपलं काम खालच्या वर्गातल्या एकेकाला शिकवून जायचं.

शेवटचं काम शिक्षकांचं. बदली होते, नवे शिक्षक येतात आणि चांगली चाललेली रीत तिथेच थांबते. म्हणून निम्मं साहित्य वर्गाच्या नावाने, पेटीवाल्यांची पाळी, मोठ्या-लहानांच्या जोड्या आणि मध्येच येणाऱ्या मुलांसाठी राखीव संच, हे चारही मुद्दे समितीच्या बैठकीत ठराव म्हणून मंजूर करून इतिवृत्तात लिहून ठेवा. पेटीची वही नव्या शिक्षकांच्या हाती पालकांसमोर द्या, आणि ती कशी चालते हे त्यांना मुलांनीच सांगू दे.